चकाच्या पोटातले कुंकू

मित्रांनो, मी एक जुना ड्रिल चक आहे, आणि एका जागी गप्प बसणे मला जन्मात जमलेले नाही. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलेलेही नसेल. मुठीएवढा, पोलादी, गोल. तोंडात तीन जबडे. त्या जबड्यांत मी ड्रिल पकडतो, मशीन मला गरगर फिरवते आणि समोरच्या लोखंडाला भोक पडते. भोक पडले की लोक ड्रिलचे कौतुक करतात. ते ड्रिल धरून कोणी ठेवले होते, हे कोणी विचारत नाही. माझा स्वभाव जरा कुरकुरा आहे, तेवढे सांभाळून घ्या.

माझी एक गोष्ट मात्र तुम्ही नीट ध्यानात ठेवा. माझ्या पाठीत एक निमुळती पोकळी आहे. तीत आर्बर नावाचा निमुळता दांडा ठोकून बसवतात आणि त्या दांड्याचे दुसरे टोक मशीनमध्ये जाते. आर्बरमध्ये आणि माझ्यात स्क्रू नाही, खिळा नाही, डिंक नाही. दोघेही स्वच्छ आणि कोरडे असलो की आम्ही एकमेकांना असे धरतो की भल्याभल्यांना हाताने सोडवता येत नाही. मध्ये तेलाचा थेंब शिरला की सगळी दोस्ती खलास.

माझी उमेदीची वर्षे सिंगापूरमधल्या जुरोंगच्या एका वर्कशॉपमध्ये गेली. तिथे जहाजांच्या पंपांचे भाग बनत. दिवसाला दोनदोनशे भोके पाडली मी. जबडे झिजले, अंगावरचे कंपनीचे नाव पुसले गेले, पण चाल बिघडू दिली नाही. मग ते वर्कशॉप बंद झाले आणि माझी रवानगी एका जुन्या अवजारांच्या दुकानात, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात झाली. सोबतीला वाकडे पाने आणि बोथट कानशी. तीन वर्षे! कोणी डबा हलवला की मला वाटायचे, आली वेळ. तो माणूस पाना उचलायचा आणि जायचा. काम नसलेल्या हत्याराला नुसता गंज चढत नाही, चीड पण चढते.

२०१५ साली एके शनिवारी दुकानात एक मराठी जोडपे आले. बाईंचे नाव मीनल. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षे ती पुण्याजवळ भोसरीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये इंजिनिअर होती. नवऱ्याला, शिरीषला, सिंगापूरमध्ये बुओना व्हिस्टाच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली, आणि ती मुलीला कडेवर घेऊन त्याच्यामागे आली. त्याला पाच वर्षे झाली होती. या पाच वर्षांत तिने चोआ चू कांगच्या फ्लॅटमध्ये डबे भरले, अभ्यास घेतले, पडदे बदलले, आणि मग काय करावे ते न कळून तेच पडदे पुन्हा बदलले. शेवटी देश सोडून चाललेल्या एका हौशी माणसाकडून तिने छोटे मिलिंग मशीन घेतले. आता त्या मशीनला लागणाऱ्या वस्तू घ्यायला ती आली होती.

शिरीष माणूस भला, पण सॉफ्टवेअरवाला. त्याने अकरा चकांचा तक्ता करून आणला होता. कोणाला किती चांदण्या, कोणाचे किती रिव्ह्यू. दुकानात शिरताच त्याने एक चकाचक, बिनकिल्लीचा, हातानेच आवळायचा नवा चक उचलला. कानामागून आली आणि तिखट झाली, त्यातली ती जात.

"हा घे. साडेचार स्टार आहेत," तो म्हणाला.

"स्टार काय चाटायचेत?" मीनल म्हणाली आणि तिने सरळ माझ्या डब्यात हात घातला.

तिने मला बाहेर काढले, किल्ली लावून जबडे उघडले, मिटले. मग कानाशी धरून मला हळूच फिरवले. माझ्या पाठीतल्या पोकळीत करंगळी घालून नखाने चाचपले, कुठे ओरखडा आहे का ते पाहिले. तीन वर्षांत मला कोणी असे विचारले नव्हते हो! मला आतून भरून आले.

"हा," ती म्हणाली. "जुना आहे, पण खरा आहे."

मग तिने व्हाइस घेतला, पकडपट्ट्या घेतल्या आणि कॉलेटचा एक संच घेतला. शिरीषने लगेच शंका काढली. "कॉलेट कशाला? कटरसुद्धा या चकातच धरता येईल की."

"चकात कटर धरायचा नसतो, शिरीष. ड्रिल खाली दाबलं जातं, तो जोर चक सोसतो. कटर आडवा कापतो. आडवा जोर लागला की चक निसटतो. ज्याचं जे काम आहे तेच त्याला सांगावं."

मी मनात म्हटले, ही बाई मला जपणार.

सिंगापूरच्या फ्लॅटमध्ये जाड काँक्रीटच्या भिंतींची, लोखंडी दाराची एक बॉम्बशेल्टरची खोली असते. बाकीचे लोक तिथे सुटकेसा आणि तांदळाची पोती ठेवतात. मीनलने तिथे मशीन बसवले. मुलगी शाळेत गेली की ती दार लोटून काम सुरू करी. शेजाऱ्याचे नळाचे तुकडे, कोणाच्या सायकलचा कंस, कोणाच्या ड्रोनचा सांगाडा. हात बसला, पण जीव बसेना. भोक पाडता पाडता ती मध्येच थांबे आणि भिंतीकडे बघत राही. एकदा मुलगी, गार्गी, दारात येऊन कानांवर हात ठेवून इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणाली, "आई, सो नॉइजी लाह! व्हाय यू डू धिस?" मीनलला हॉबी नको होती. तिला काम हवे होते. सकाळी उठून कुठेतरी पोचायचे, कोणीतरी आपली वाट बघत असायची, चूक झाली तर कोणीतरी ओरडायचे, असे काम.

तसे काम २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये दारात आले. बेडोकच्या बाजूला, कारखान्यांच्या एका बहुमजली इमारतीत, मिस्टर क्वेक नावाच्या साठीच्या गृहस्थांचे छोटेसे वर्कशॉप होते. त्यांना एक कुशल माणूस हवा होता. मीनलने फोन केला. नोकरी मिळाली तर डिपेंडंट पासवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या परवान्यावर, काम करायचे परवानगीपत्र काढायलाही ते तयार होते. अट एकच. बुधवारी सकाळी येऊन ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात नकाशाबरहुकूम सहा भोके पाडून दाखवायची. आणि त्यांच्याकडची एक जुनी रीत होती. ज्याने त्याने आपला चक, आपली ड्रिल आणायची. "उसन्या चकावर मी कोणाची परीक्षा घेत नाही," ते फोनवर म्हणाले.

त्यांच्या मशीनचे तोंड वेगळे होते. म्हणून मीनलने माझा जुना आर्बर पाचरी मारून काढला आणि त्यांच्या मशीनला बसेल असा नवा आणला. सोमवारी तिने आम्हा दोघांना पुसून लख्ख केले. आर्बर बाजूला, मी बाजूला.

मंगळवारी दसरा होता.

आता दसऱ्याला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. या घरात इतकी वर्षे पाटावर लॅपटॉप, एमआरटीचे, म्हणजे इथल्या मेट्रोचे, कार्ड आणि मिक्सर यांची पूजा व्हायची. त्या वर्षी शिरीष हट्टाने म्हणाला, "या वेळी मीनलची हत्यारं! खरी हत्यारं आहेत आपल्या घरात." त्याने स्वतः पाट मांडला. मीनलने मला आणि आर्बरला रुमालावर ठेवले. तिला बरे वाटले. इतके दिवस तो बॉम्बशेल्टरकडे "तुझं ते" म्हणून बोट दाखवायचा.

पूजा झाली. मीनल पुऱ्या तळायला आत गेली. इथवर सगळे ठीक होते. पण अति तिथे माती. शिरीषला वाटले, कोरडे कुंकू गळून जाते, म्हणून त्याने ते तेलात कालवले. मग त्याला आर्बरचे ते निमुळते, चकचकीत नाक दिसले. टिळा लावायला याहून सुंदर जागा कोणती? त्याने बोटभर टिळा ओढला. "आई भवानी, हिचं काम होऊ दे," तो पुटपुटला. त्याने ते मनापासून म्हटले, हे मी शपथेवर सांगतो. म्हणून तर मला त्याचा धड रागही धरता येत नाही.

एवढ्यावर तो थांबता तरी चालले असते. पण त्याने आर्बर कसा बसवतात याचा व्हिडिओ पाहिला होता. उद्या सकाळी बायकोची धावपळ नको म्हणून त्याने टिळ्यासकट आर्बर माझ्या पाठीत घातला, लाटण्याने दोनदा ठोकला आणि मला डब्यात ठेवले. माझ्या कपाळावरही एक टिळा लावला, तो सगळ्यांना दिसणारा. आतला कोणालाच दिसणार नव्हता. मी ओरडत होतो, "अरे काढ, पूस, मी धरू शकणार नाही!" पण हत्याराचा आवाज मशीन चालू असतानाच निघतो.

सकाळी मीनलने डबा उघडला. आम्ही जोडलेले, टिळा लावलेले, शेजारी आपट्याची पाने मिळाली नाहीत म्हणून कागदाची कापलेली दोन पाने.

"तयार करून ठेवलंय. तुला फक्त जाऊन जिंकायचंय," शिरीष मागून म्हणाला.

तिचे डोळे भरून आले. तिचा हात पाचरींकडे गेला, मी पाहिले. जे आपण स्वतः बसवले नाही ते उघडून बघायचे, पुसायचे आणि मग लावायचे, हे भोसरीत ती नव्या पोरांना ओरडून शिकवायची. पण उघडायचे म्हणजे त्याच्यासमोर त्याचे कौतुक पाचरी मारून फोडायचे. तिने डबा मिटला.

चोआ चू कांगहून बेडोक म्हणजे बेटाचे हे टोक ते ते टोक. जुरोंग ईस्टला गाडी बदलली. बुओना व्हिस्टाला शिरीष उतरला आणि फलाटावरून त्याने अंगठा दाखवला. मीनल हसली. मग उरलेल्या वाटेत ती एकेक स्टेशन मोजत, डब्याचे झाकण उघडत-मिटत बसली. मी तर आर्बरवर आताच सरकू लागलो होतो. गाडी वळली की किंचित इकडे, किंचित तिकडे. मला गाडीच्या खिडकीतून उडी मारावीशी वाटत होती.

मिस्टर क्वेक बारीक अंगाचे, चष्मा कपाळावर ठेवणारे गृहस्थ. त्यांचे इंग्रजी मी तुम्हाला मराठीतच सांगतो. त्यांनी ठोकळा दिला, नकाशा दिला, घड्याळाकडे बोट केले. "पावणेबारापर्यंत वेळ. घाई नाही, पण झोपायचं पण नाही लाह."

पावणेबारा तिलाही सोयीचे होते. दीडला गार्गीची शाळा सुटे, आणि तोवर परत पोचणे तिलाच भाग होते. आजवर एकही दिवस ते काम दुसऱ्या कोणी केले नव्हते.

पहिली चार भोके छान पडली. ड्रिल खाली दाबले जात होते म्हणून मी कसाबसा टिकून होतो. पाचवे भोक मोठे होते. ड्रिल अर्ध्यात गेले तसा मी आर्बरवर घसरू लागलो. ठोकळ्याच्या खालच्या बाजूने टोक बाहेर पडताना ड्रिलने धातूला चावा घेतला, आणि त्या हिसक्यासरशी माझी पकड सुटली. आर्बर वर नुसताच फिरत राहिला. मी ड्रिल तोंडात धरून खाली ठोकळ्यावर तिरका लोंबकळत होतो. भोकाची कड फाटली होती. इतक्या वर्षांत माझी एवढी नाचक्की कधी झाली नव्हती.

मीनलने मशीन बंद केले. क्वेक जवळ आले. त्यांनी आर्बरच्या नाकावरून बोट फिरवले. बोट लाल झाले.

"गंज?"

"कुंकू," मीनल म्हणाली. "काल आमचा सण होता. हत्यारांची पूजा करतात."

क्वेक यांनी दाराजवळच्या लाल देव्हाऱ्याकडे पाहिले. तिथे दोन संत्री होती आणि उदबत्त्या जळत होत्या. "मी पण रोज सकाळी उदबत्ती लावतो. तिची राख मशीनच्या फिरत्या स्पिंडलमध्ये घालत नाही. कोणी लावलं हे आत?"

नवऱ्याचे नाव सांगायला एक क्षण लागला असता, आणि ते खोटेही नव्हते. उचलली जीभ लावली टाळ्याला, असे मोकळे होता आले असते. मीनलने मला ठोकळ्यातून सोडवले, हातात घेतले.

"चक माझा आहे. लावण्यापूर्वी मी उघडून बघायला हवा होता. बघितला नाही. चूक माझी आहे."

क्वेक यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. मग कपाटातून दुसरा ठोकळा काढून टेबलावर ठेवला. "सहाच्या सहा पहिल्यापासून. पण आजच. उद्या दुसरा माणूस येतोय."

घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती. सगळे पुसून, नव्याने लावून, सहा भोके म्हणजे दोन तास. मग परतीचा दीड तास. गार्गी शाळेच्या फाटकात उभी राहणार. मीनलने एकदा ठोकळ्याकडे पाहिले, एकदा पर्सकडे. मला वाटले, संपले. ही आता पर्स उचलणार आणि मी पुन्हा कुठल्यातरी डब्यात जाणार.

तिने फोन उचलला.

"काय, झालं? लकी ठरला ना दसऱ्याचा चक?" पलीकडून शिरीषचा उत्साह मला ऐकू आला.

"शिरीष, आज गार्गीला शाळेतून तू आणायचंस."

"आज? अगं, एक वाजता माझा रिव्ह्यू आहे, सगळी टीम..."

"मला इथे दोन तास हवेत."

तिने सॉरी म्हटले नाही. कारण सांगितले नाही. एरवी अशा वेळी शिरीष 'बघतो' म्हणायचा, आणि 'बघतो' म्हणजे काय ते त्या घरातली भांडीसुद्धा ओळखून होती.

"निघतो," तो म्हणाला. "रिव्ह्यू उद्या घेऊ म्हणून सांगतो त्यांना. तू कर तुझं."

मीनलने फोन ठेवला. स्वच्छ चिंधी मागितली, स्पिरिट मागितले. आर्बर पुसला. चिंधी करंगळीला गुंडाळून माझी पोकळी पुसली, तिथल्या तिथे चार वेळा, चिंधीला लाल लागायचे थांबेपर्यंत. जबडे पूर्ण आत घेतले, मला आर्बरवर ठेवले आणि लाकडी हातोड्याने एकच ठोका दिला. मग ओढून पाहिले. पुन्हा ओढून पाहिले. दुधाने तोंड पोळले होते, ती ताकही फुंकून पिणारच. पण मी आता हलणार नव्हतो. मी आर्बरला असा धरला होता की क्रेन लावली तरी सोडला नसता.

एक वाजून वीस मिनिटांनी सहावे भोक पडले. क्वेक यांनी मोजमापाच्या पिना एकेका भोकात घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. चेहऱ्यावर काही नाही.

"सोमवार," ते म्हणाले. "आठला सुरू करतो आपण. साडेसातला आलीस तर चहा मिळेल. परवानगीचे कागद मी आजच भरतो."

मीनल बाहेर जिन्यात येऊन बसली आणि रडली. डोळे हातातल्या चिंधीनेच पुसले, त्यामुळे गालाला लाल लागले. तसेच ते घेऊन ती गाडीत बसली.

घरी शिरीषने गार्गीला मॅगी करून घातली होती आणि अर्धी ओट्यावर सांडली होती. "पप्पा फरगॉट माय वॉटर बॉटल लाह," गार्गीने पहिली तक्रार केली. मीनलने तिला जवळ घेतले, नोकरी लागल्याचे सांगितले आणि मग शिरीषच्या हातात ती लाल चिंधी ठेवली. सगळे सांगितले. त्याचा चेहरा पार उतरला.

"म्हणजे माझ्यामुळे... अगं, मग फोनवर का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू अर्धा तास माफी मागत बसला असतास. मला तुझी माफी नको होती रे. दोन तास हवे होते."

चिंधी घेऊन शिरीष मोरीत गेला आणि ती धुऊ लागला. तेलकट कुंकू सहज निघत नाही. बराच वेळ नळाचा आवाज येत होता.

मित्रांनो, आता २०१९ साल आहे. मी अजून क्वेक यांच्याकडे मीनलच्या मशीनवर काम करतो आणि कुरकुरही करतो. दर दसऱ्याला मला कुंकू लागते, बाहेरून, बेताचे. पूजेवर माझा राग नाही. पण डब्यात तीन वर्षे विसरला गेलेला मी, आणि टिळा लागून पडलेलाही मीच. म्हणून तुम्हाला कळवळून सांगतो. हत्यार वापरण्यापूर्वी उघडा, पुसा, ओढून पाहा. आणि तुमच्याही घरात कोणी असेल, जिच्या कष्टांचे सगळे तोंड भरून गोडवे गातात आणि पुन्हा आपापल्या कामाला लागतात. तिला आज घरी गेल्यावर एवढेच विचारा, तुला किती तास हवेत?

आणि ती जितके सांगेल तितके द्या.